फोन वडिलांनी करावा

पत्र :

सप्रेम सलाम. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. माझे सासरे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. बावीस वर्षांपूर्वी यजमानांच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आम्ही डॅलसजवळच्या एका उपनगरात आलो आणि आता इथले नागरिक आहोत. आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाची आणि जुन्या विचारांची आहे. आम्हीही तसेच आहोत. मुलगा वीस वर्षांचा असून दुसऱ्या राज्यात शिकतो. गेल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारच्या आभार मानण्याच्या सणाला, ह्यांनी प्रार्थना केली, मी ताटे वाढली आणि पाच मिनिटांत स्थलांतरितांच्या धरपकडीवरून बापलेकांची जुंपली. मुलगा म्हणाला, "पप्पा, तुमचा पक्ष हाच तुमचा देव झालाय." हे म्हणाले, "माझ्या घरात माझे अन्न खाऊन असे बोलायचे नाही." तो ताटावरून उठला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गेला. यंदा येणार नाही म्हणतो. चर्चलाही जात नाही.

गर्भपात, विवाह आणि मुलांचे शिक्षण याबाबत माझे मत ह्यांच्यासारखेच आहे. हा देश ख्रिस्ती आहे आणि ख्रिस्ती कायद्यानेच चालला पाहिजे, असे हे म्हणतात तेव्हा मला उत्तर सुचत नाही. परंतु मागच्या महिन्यात चर्चच्या गृहसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, एक गृहस्थ म्हणाले की, ही बाहेरची माणसे येऊन आपल्या मुलांच्या नोकऱ्या खातात. सगळ्यांनी माना डोलावल्या, ह्यांनीसुद्धा. याच गृहस्थांनी 2021 च्या फेब्रुवारीत आमची वीज गेली तेव्हा आम्हाला तीन रात्री आपल्या घरी ठेवून घेतले होते. मी गप्प बसले. गप्प बसणे हे पाप आहे का? विश्वासात मी कमी पडते आहे का?

— एक आई, टेक्सास

उत्तर :

ताई, सप्रेम सलाम.

ताटावरून उठलेल्या माणसाला परत ताटावर बोलावण्याचे काम ज्याच्या वाक्यामुळे तो उठला त्याचे असते. म्हणून बाकी काही लिहिण्याआधी एवढे सांगते की, मुलाला फोन तुमच्या यजमानांनी करायचा आहे. तुम्ही केलात तर तो कदाचित येईलही; पण आईच्या शब्दाखातर येईल, मान खाली घालून जेवेल आणि शुक्रवारी पुन्हा पहाटे निघून जाईल. त्या फोनवर काय बोलावे याकडे मी शेवटी येते. मधला मजकूर यजमानांनीही वाचावा अशी माझी इच्छा आहे, आणि वाचताना त्यांनी "ही बाई तिकडची दिसते" असे म्हणून कागद बाजूला ठेवू नये, यासाठी माझी बाजू आधीच उघड करते.

मी तुमच्याच बाजूची आहे. गर्भातले मूल हे मूलच आहे, विवाह हा एक पुरुष आणि एक स्त्री यांनी देवासमोर केलेला करार आहे, आणि मुलांना काय शिकवावे यात पहिला शब्द आईबापांचा असावा, असे मी मानते. शेजाऱ्याने करायचे काम सरकारवर ढकलले की हळूहळू शेजार उरत नाही, असेही मला तीस वर्षे इथे राहून वाटू लागले आहे. 24 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य करणारा 1973 चा रो निकाल रद्द करून गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे सोपवला, तेव्हा मी देवाचे आभार मानले, आणि ते सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. तो शुक्रवार होता. रविवारी आमच्या मंडळीत टाळ्या वाजल्या. मंगळवारी मी नेहमीप्रमाणे गर्भवती मुलींना मदत करणाऱ्या केंद्रात कामाला गेले, तर मागच्या खोलीतले तीन नंबरच्या डायपरचे कप्पे रिकामे होते. पाच महिन्यांचे गुटगुटीत बाळ कडेवर घेऊन आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला आम्ही दोन नंबरची पाकिटे दिली, तीही मोजून, आणि "घट्ट होतील, पण चालवून घे" असे सांगितले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, म्हणून ते कप्पे मला अजून दिसतात. माझे मत त्या मंगळवारी बदलले नाही. मत असणे आणि त्याची किंमत मोजणे यांत किती अंतर आहे, एवढे मात्र कळले.

आता तुमच्या मुलाच्या वाक्याकडे येते. ते वाक्य उद्धट आहे, वीस वर्षांच्या मुलाने बापाला म्हणू नये असे आहे, आणि तरीही यजमानांनी ते एकदा एकटे बसून तपासून पाहावे असे मला वाटते. आपल्या घरात राजकारणाविषयी जे बोलले जाते त्यातले किती पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, आले आणि किती संध्याकाळच्या वृत्तवाहिनीवरून आले, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. जे मत आपण देवाचे म्हणून मांडतो ते आपला पक्ष उलटला तरी आपण धरून ठेवू का, असे स्वतःला विचारावे. 1998 मध्ये, अध्यक्ष क्लिंटन यांचे विवाहबाह्य संबंधांचे प्रकरण गाजत असताना, सदर्न बॅप्टिस्ट या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाने सार्वजनिक पदावरील व्यक्तींच्या नैतिक चारित्र्याविषयी एक ठराव केला होता. सार्वजनिक जीवनातही चारित्र्याला महत्त्व आहे, आणि पुढाऱ्याची पापे खपवून घेतली की समाजाची सदसद्विवेकबुद्धी बोथट होते, असा त्याचा आशय होता. मला तो ठराव तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. पुढे काय झाले ते पाहा. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा पुढारी सार्वजनिक कर्तव्य नीट पार पाडू शकेल का, असे 2011 मध्ये एका सर्वेक्षणात विचारले गेले तेव्हा गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रॉटेस्टंट) लोकांपैकी 30 टक्क्यांनी होकार दिला. 2016 मध्ये तोच प्रश्न विचारला तेव्हा 72 टक्क्यांनी होकार दिला. या पाच वर्षांत शास्त्रात काही बदल झालेला नव्हता. बदलला होता तो उमेदवार.

यावरून त्या वर्षीचे उमेदवार ट्रम्प यांना मत देणारा प्रत्येक जण ढोंगी ठरतो, असे मी म्हणत नाही. 2016, 2020 आणि 2024 या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी दहांतले सुमारे आठ जण ट्रम्प यांच्या बाजूने गेले, आणि त्यांतले कित्येक जण नाक मुरडून, न्यायाधीशांच्या नेमणुकांचा हिशेब करून गेले. मी त्या हिशेबाला हसत नाही, कारण मीही तो केलेला आहे. पण त्याच रविवारी, बायबलातले तेच रोमकरांस पत्र वाचून आणि त्याच प्रभूला शरण जाऊन कृष्णवर्णीयांच्या बहुतेक मंडळ्या नेमके उलटे मत देतात. त्यांच्यापैकी एका मंडळीत मी एकदा अंत्यविधीला गेले होते. तीन तास उपासना चालली, आणि पुनरुत्थानाविषयी पाळक जे बोलले त्यातला एकही शब्द माझ्या वडिलांना खटकला नसता. बाहेर वाहनतळावर मात्र मी आणि माझ्या शेजारी बसलेली बाई एकाच मतपेटीत दोन वेगळी मते टाकणार होतो, आणि हे आम्हा दोघींना माहीत होते. तिने मला घरी न्यायला रताळ्याचा 'पाय' हा भाजलेला गोड पदार्थ बांधून दिला. ती बाई विश्वासात माझ्यापेक्षा कमी आहे असे म्हणण्याची माझी छाती नाही.

हा देश ख्रिस्ती आहे, या यजमानांच्या वाक्याला तुम्हाला उत्तर सुचत नाही असे तुम्ही लिहिता. उत्तर त्यांच्याच मंडळीच्या इतिहासात आहे. कनेक्टिकट राज्यात दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी काँग्रिगेशनल या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचे चर्च हे राज्याचे अधिकृत चर्च होते. त्याच्यासाठी कर द्यावा लागे, आणि बॅप्टिस्ट माणसाला त्यातून सुटका हवी असेल तर आपण बॅप्टिस्ट असल्याचा दाखला काढावा लागे. या जाचाला कंटाळून डॅनबरी इथल्या बॅप्टिस्टांनी अध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहिले, आणि 1 जानेवारी 1802 रोजी त्यांना दिलेल्या उत्तरात जेफरसन यांनी चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचे ते प्रसिद्ध शब्द वापरले. जेफरसन विश्वासाने आपल्यातले नव्हते, चमत्कार त्यांना मान्य नव्हते. तरी बॅप्टिस्टांना त्यांचाच आधार वाटला. गंमत अशी की, त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या बॅप्टिस्टांनी बनवलेले 1,235 पौंडांचे, म्हणजे सुमारे 560 किलो वजनाचे चीज घेऊन त्यांचे उपदेशक जॉन लेलंड व्हाइट हाउसच्या दारात हजर झाले होते. विरोधी फेडरलिस्ट पक्षाच्या शेतकऱ्याच्या गाईचे थेंबभर दूधही त्यात घेतलेले नाही, अशी आख्यायिका आहे. म्हणजे राजकारण आणि जेवण यांची गाठ तेव्हाही पडलेलीच होती. राज्याने आपल्या उपासनेत हात घालू नये म्हणून ज्यांनी एवढे मोठे चीज बर्फावरून ओढत नेले, त्यांचेच आपण वारस आहोत.

यात आपल्या नगरकरांसाठी आणखी एक पीळ आहे. आपल्या पणजोबांपर्यंत शुभवर्तमान घेऊन आलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुख्यतः काँग्रिगेशनलच होते, म्हणजे डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना ज्यांचा जाच होता त्यांचेच भाऊबंद. परंतु मुंबईत ते आले ते राज्याच्या पाठबळावर नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना परत पाठवण्याचा हुकूम काढला होता. विनवण्या करकरून 1813 मध्ये त्यांचे पाऊल तिथे टिकले, आणि 1831 मध्ये ते नगरला पोहोचले. राज्याची काठी हातात नसताना त्यांनी आपल्याला जे दिले ते आजवर टिकले आहे. आणि आपण स्वतः? गावाकडे आपण मूठभर होतो. वेशीबाहेरच्या त्या लहानशा चर्चमध्ये नाताळची उपासना निर्धास्तपणे करता यावी म्हणून आपण भारताच्या राज्यघटनेतल्या धर्मस्वातंत्र्याच्या 25 व्या कलमाकडे बोट दाखवत होतो, आणि सरकारने बहुसंख्याकांच्या धर्माप्रमाणे चालू नये असे मनापासून म्हणत होतो. डॅलसला येऊन आपण बहुसंख्याकांत बसलो म्हणून माप बदलले, तर मुलाच्या लक्षात ते येणारच. मुलांना आपल्या श्रद्धेतले दोष सापडत नाहीत इतक्या चटकन आपली दोन मापे सापडतात. तुमच्या सासऱ्यांनी या प्रश्नावर काय म्हटले असते, हे यजमानांना एकदा विचारून पाहा. पाळकाच्या मुलाला त्या प्रश्नाचे उत्तर आतून माहीत असते.

गृहसभेतल्या त्या वाक्याविषयी मला जास्त लिहायचे आहे, कारण तुमच्या घशात अडकलेला घास तोच आहे. सरहद्द असावी, कायदा पाळला जावा, बेकायदा येणाऱ्याला रोखण्याचा राज्याला अधिकार आहे, हे सगळे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या आधारे म्हणता येते आणि मी म्हणते. पण लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात परक्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची जी आज्ञा आहे ती खोडण्याचा अधिकार तेराव्या अध्यायाने कोणाला दिलेला नाही. शिवाय ते गृहस्थ सरहद्दीवरची नदी ओलांडून बेकायदा येणाऱ्याविषयी बोलतच नव्हते. नोकऱ्या खाणारी बाहेरची माणसे म्हणजे कागदपत्रे घेऊन, रांगेत उभी राहून, एच-वन-बी व्हिसावर आलेली माणसे. म्हणजे बावीस वर्षांपूर्वीचे तुमचे यजमान. त्यांनी मान डोलावली, कारण आपण आता "त्यांच्यातले" नाही असे त्यांना वाटले. परदेशात आलेल्या माणसाला ही मान डोलावण्याची सवय फार लवकर लागते. मी माझ्याच मानेवरून सांगते आहे.

तुमचे गप्प बसणे पाप होते असे मला वाटत नाही. सभेत, बारा माणसांसमोर, चहाचे कप हातात असताना उत्तर दिले असते तर त्यांनी स्वतःचा बचाव केला असता आणि बाकीच्यांनी बाजू घेतल्या असत्या. भावाने चुकीचे केले तर आधी त्याला एकट्याला गाठून बोलावे, ही मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली रीत आहे, आणि ती वापरण्याची वेळ अजून गेलेली नाही. त्यांच्या घरी जा. ज्या घरात तुम्ही तीन रात्री झोपलात, तिथेच हे बोलता येईल, दुसरीकडे नाही. वाद घालू नका, आकडे सांगू नका, एवढेच विचारा की, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात त्यात आम्ही येतो का?" टेक्सास गारठलेले असताना ज्याने आपल्या शेकोटीपुढची जागा तुम्हाला दिली, तो माणूस या प्रश्नावर "नाही, तुम्ही नाही" असे घाईघाईने म्हणेल, आणि मग "तर मग कोण?" हा पुढचा प्रश्न त्याचा त्यालाच पडेल. त्याचे वाक्य आणि त्याची शेकोटी या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इथल्या मंडळ्यांमध्ये हे असेच आढळते : बाळंतिणीच्या दारात पंधरा दिवस रोज संध्याकाळी गरम कॅसरोल ठेवून जाणारी, कोणी मेले तर बोलावण्याआधी येणारी, रविवारचा धंदा बुडाला तरी चालेल म्हणून 1946 पासून आपली दुकाने त्या दिवशी बंद ठेवणाऱ्या चिक-फिल-ए या चिकनच्या उपाहारगृहांच्या साखळीचे कौतुक करणारी माणसे, आणि त्यांच्याच तोंडी असे एखादे वाक्य. तुमच्या मुलाला फक्त वाक्य ऐकू येते आणि यजमानांना फक्त शेकोटी दिसते. तुम्हाला दोन्ही दिसतात, म्हणून तुमचा जीव कातावतो आहे. यात विश्वास कमी असल्याचे काही लक्षण मला दिसत नाही.

यजमानांच्या राजकारणाच्या ओढीला वाट मात्र हवी, नाहीतर ती पुन्हा मेजावरच येईल. टेक्सासमध्ये शाळा मंडळांच्या बऱ्याच निवडणुका मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी होतात आणि त्यांना फार थोडे लोक फिरकतात. वॉशिंग्टनविषयी रोज तीन तास ऐकणाऱ्या माणसाला आपल्या शाळा मंडळातल्या दोन सदस्यांची तरी नावे सांगता यावीत, एवढी माझी अपेक्षा आहे. तिथे आईबापांच्या अधिकारासाठी अवश्य उभे राहावे. मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत लहान मुलांना वाचून दाखवल्या जाणाऱ्या काही गोष्टींच्या पुस्तकांवरून पालक न्यायालयात गेले आणि 2025 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले, तेव्हा त्या पालकांत मुस्लिम होते, कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्सही होते. खटल्याला नाव आहे ते एका मुस्लिम बापाचे. "आपले" आणि "बाहेरचे" यांची यादी शाळेच्या दारात किती वेगळी होते, हे यजमानांनी पाहण्यासारखे आहे. अंगणात पाटी लावायची असेल तर लावू द्या, त्यावरून भांडू नका. आमच्याकडे मागच्या निवडणुकीच्या पाट्यांच्या तारा परसात दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून रोवल्या आहेत आणि आजवर त्यांनी केलेले ते सर्वांत टिकाऊ काम आहे.

मुलाच्या चर्चला न जाण्याचा विषय या थँक्सगिव्हिंगला काढू नका. त्याचा खोलीमित्र कोण, तो रात्री काय जेवतो, गणिताचा तो अवघड वर्ग सुटला का, हे विचारा. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये असे पौलाने इफिसकरांना बजावले आहे, आणि ते त्याने आयांना लिहिलेले नाही, ही गोष्ट यजमानांच्या ध्यानात आणून द्यायला हरकत नाही. मुलाचेही काही देणे आहे. वडिलांच्या विश्वासाला मूर्तिपूजा म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्याबद्दल त्यानेही कधीतरी बोलावे. पण ते आधी मागून घेऊ नये. मोठ्याने आधी वाकावे.

तर फोन. मतांचा विषय त्यात नको. स्थलांतर, पक्ष, निवडणूक, काही नको. तुम्ही लिहिलेल्या क्रमाकडे पुन्हा पाहा : यजमानांनी प्रार्थना केली, तुम्ही ताटे वाढली, आणि पाच मिनिटांनी ते "माझे अन्न" म्हणाले. ज्या अन्नासाठी त्यांनी डोळे मिटून, मुलाचा हात हातात घेऊन देवाचे आभार मानले होते, तेच अन्न पाच मिनिटांत त्यांचे कसे झाले? पाळकाच्या मुलाला याहून अधिक काही समजावून सांगावे लागणार नाही. त्यांनी मुलाला एवढेच म्हणावे, "त्या दिवशी मी माझे अन्न म्हणालो. ते माझे नव्हते. मी चुकलो. तू ये." आणि मग थांबावे, पलीकडून काही क्षण काहीच ऐकू आले नाही तरी थांबावे, ती शांतता भरून काढण्यासाठी बातम्यांकडे वळू नये. या दिवशी मेजाजवळचा टीव्ही बंद राहील हे तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवा, आणि जेवणाआधीची प्रार्थना या वेळी तुम्ही करा.

थँक्सगिव्हिंग जवळ येईल तशी विमानाची तिकिटे महाग होत जातात, तेव्हा हा फोन याच आठवड्यात व्हावा. सणाच्या जेवणाचा टर्की पक्षी ज्याला आणायचा त्याने आणावा. तुम्ही मात्र आदल्या रात्रीच खोबरे आणि कांदा भाजून मसाला वाटून ठेवा, कारण नगरच्या पोराला उतरवून घ्यायला विमानतळावर दोघांनी मिळून जायचे असेल, तर सकाळी रश्श्यासाठी वेळ उरणार नाही.